थांबा म्हणण्याआधी कान तपासा

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. पाठवणारी माझी सख्खी मावशी, नागपुरात सक्करदऱ्याला राहते. खाली तिने लिहिलं होतं, ‘वाच. तू उगाच आम्हाला घाबरवून राहिली होती.’ तिचा नातू २६ महिन्यांचा आहे. ‘आई’ म्हणतो, ‘दे’ म्हणतो, ‘भूर’ म्हणतो. बाकी सगळं बोट दाखवून मागतो. पोळ्याच्या वेळी मी तिला म्हटलं होतं की एकदा त्याचे कान तपासून घेऊ. त्याचं उत्तर म्हणून हा मेसेज.

तुमच्याकडेही तो आला असेल, कारण एकट्या माझ्याकडे या महिन्यात तो चार जणांकडून आला. ‘आईबाबांनो, घाबरू नका’ अशी सुरुवात आहे. मग मुद्दे: प्रत्येक मूल आपल्या वेगाने वाढतं. मुलगे उशिराच बोलतात. आइनस्टाईन चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. घरात दोन-तीन भाषा असल्या की मूल गोंधळतं, म्हणून एकच भाषा बोला. चालायला उशीर होत असेल तर वॉकर आणा. बोलायला उशीर होत असेल तर जिभेला वेखंड लावा, नाहीतर जिभेखालचा दोर कापून घ्या. मोबाइल बंद केला की मूल आपोआप बोलू लागतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: तीन वर्षांपर्यंत कुठेही नेऊ नका, नेलं की लेबल लावतात.

मी नागपुरात १७ वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. एक ते चार वर्षांची लेकरं रोज समोर असतात. हा मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, घाबरलेल्या आईला त्याने धीर दिला आहे. पण असल्या सल्ल्यावर विसंबून गेलेले महिने माझ्या टेबलावर रोज मोजले जातात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘प्रत्येक मूल आपल्या वेगाने वाढतं’

हे खरं आहे, आणि इथे मी मेसेजच्या बाजूने आहे. शेजारच्या घरची मुलगी दहाव्या महिन्यात चालली आणि आपलं बाळ वर्षाचं होऊनही धरून उभं आहे, म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी बाळं पाहून २००६ मध्ये आकडे जाहीर केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. कुणाचाही हात न धरता चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढा मोठा पट्टा आहे बघा. नवव्या महिन्यात चालणारं मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारं मूल, दोन्ही ठणठणीत असू शकतात.

गोंधळ होतो तो सरासरी आणि मर्यादा यांच्यात. ‘बाळ वर्षाचं झालं की चालतं’ ही सरासरी. तिच्यापेक्षा दोन महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही. ‘दीड वर्षापर्यंत चाललंच पाहिजे’ ही मर्यादा. ती ओलांडली की दाखवायचं. आपल्याकडे ज्या याद्या फिरतात त्यांत दोन्ही एकाच रांगेत बसवलेल्या असतात. त्यामुळे काही घरं सरासरीलाच मर्यादा समजून घाबरतात, आणि काही घरं मर्यादेलाही सरासरी समजून निवांत राहतात. हा मेसेज दुसऱ्या प्रकारच्या घरांची संख्या वाढवतो. पट्ट्याला दोन टोकं असतात, याने एकच दाखवलं आहे.

बोलण्याच्या मर्यादा मी पालकांना अशा सांगते. वर्षाचं होईपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड हवी आणि टाटा करणं, हात वर करून ‘घे’ म्हणणं, बोट दाखवणं यातलं काहीतरी हवं. सोळाव्या महिन्यापर्यंत निदान एक अर्थाचा शब्द. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द: ‘आई दे’, ‘बाबा गेले’, ‘अजून पाणी’. आपण म्हटलेलं नुसतं परत म्हणून दाखवणं यात मोजायचं नाही. आणि येत असलेले शब्द किंवा नजरेला नजर देणं कोणत्याही वयात कमी होऊ लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. तिथे थांबणं नाहीच.

एक सूट मात्र हक्काची आहे. बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ वर्षाचं झालं, तर त्याच्याकडून दहा महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. मेसेजने हे सांगितलं असतं तर कितीतरी आयांची झोप परत आली असती.

‘मुलगे उशिराच बोलतात’

सरासरीत मुली थोड्या पुढे असतात, हे बरोबर. पण तो फरक महिना-दोन महिन्यांचा आहे. वर्षाचा नाही. दोन वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी, दोघांना मर्यादा एकच.

उलट ज्या कारणांनी बोलणं खरोखर अडतं, त्यांतली बरीच मुलग्यांमध्ये जास्त दिसतात. ऑटिझमचं निदान मुलींच्या तुलनेत मुलग्यांमध्ये चौपटीच्या आसपास होतं. म्हणजे ‘मुलगा आहे’ हे कारण थांबायला नव्हे, जरा लवकर बघायला लावणारं आहे. ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईतोवर बोलत नव्हते जी’ असं आज्या मला सांगतात, तेव्हाही मी हेच म्हणते. घरात आधी कुणाला उशीर झाला असेल तर ती माहिती मोलाची आहे, आणि ती तपासणीच्या बाजूने जाते.

‘आइनस्टाईनसुद्धा उशिरा बोलला’

आइनस्टाईनचा जन्म मार्च १८७९ चा, जर्मनीतल्या उल्म गावचा. त्याची बहीण माया नोव्हेंबर १८८१ मध्ये जन्मली, तेव्हा तो दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. तिने पुढे लिहून ठेवलं आहे की तुला खेळायला काहीतरी येणार असं त्याला सांगितलं होतं, आणि बाळ बघून त्याने विचारलं, याची चाकं कुठे आहेत? पावणेतीन वर्षांचं मूल असा प्रश्न विचारत असेल, तर ‘चार वर्षांपर्यंत बोलला नाही’ हे कुठे टिकतं?

बोलायला त्याला उशीर झाला होता, हे खरं. त्याने स्वतःच मोठेपणी एका पत्रात तसं लिहिलं आहे. आणि त्याच पत्रात पुढचंही लिहिलं आहे: आई-वडील काळजीत पडले आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. मेसेजने उदाहरण ज्यांचं दिलं, ते आई-वडील थांबले नव्हते.

‘दोन-तीन भाषांमुळे मूल गोंधळतं’

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण नागपुरात याने होणारं नुकसान मी डोळ्यांनी बघते.

आपलं शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. महालातल्या वाड्यात मराठी, इतवारीच्या दुकानात हिंदी, गावाकडून आलेल्या माणसाशी वऱ्हाडी. पिढ्यान्‌पिढ्या लेकरं यातच वाढली आणि चुरूचुरू बोलली. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही, हे जगभर पुन्हा पुन्हा तपासून झालेलं आहे. दोन भाषांच्या घरातलं मूल पहिला शब्दही त्याच सुमारास बोलतं आणि शब्द जोडतंही त्याच सुमारास. मोजताना चूक आपली होते. आजीपाशी ‘पाणी’, ‘माऊ’, ‘जेजे’. शेजारच्या दीदीपाशी ‘गेंद’, ‘चलो’. पाळणाघरात ‘बाय’, ‘शूज’. आई फक्त मराठी शब्द मोजते आणि म्हणते, तीनच येतात. सगळे मिळून सात झाले. ‘मला बॉल पाहिजे, नहीं तो रोऊंगा’ असं मूल म्हणालं तर ती त्याची हुशारी. हाताशी आहे त्या शब्दाने त्याने काम भागवलं.

आता ‘एकच भाषा बोला’ या सल्ल्याचं घरात काय होतं ते सांगते. एकच भाषा म्हणजे कोणती? बहुतेक घरं इंग्रजी निवडतात, कारण पुढे शाळा इंग्रजी. मागच्या वर्षी माझ्याकडे एक आजी नातवाला घेऊन यायच्या. मूळच्या काटोलकडच्या. आई-बाबा दोघं नोकरीला, मूल दिवसभर आजीपाशी. कुणीतरी सल्ला दिला म्हणून घरात ठरलं होतं की मुलाशी फक्त इंग्रजीत बोलायचं. आजींना इंग्रजी येत नव्हतं. मग त्या करायच्या काय? गप्प बसायच्या. मला म्हणाल्या, ‘मॅडम, मी त्याले जेवू घालतो, आंघोळ घालतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. चुकीचं शिकंल ना.’ दिवसाचे नऊ तास ते मूल एका बोलक्या बाईच्या कडेवर होतं आणि त्याच्या कानावर बोलणं पडत नव्हतं.

त्या दिवशी मी थेरपी अशी काही केलीच नाही. आजींना म्हटलं, संत्र सोला आणि त्याच्याशी बोला. त्यांनी पिशवीतून संत्र काढलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग सुरू झाल्या. ‘हे बघ संत्र. सोलू का? सोल, सोल. आंबट हाय का? अरे बापा, आंबट! ही बी. फेक बी.’ पोरगं त्यांच्या ओठांकडे बघत होतं. पाचव्या-सहाव्या फोडीला त्याने हात पुढे केला आणि म्हणालं, ‘बी’. आजी रडल्या. एका संत्र्याने मुलाचं सगळं सुटत नाही, त्याला पुढे सात महिने लागले. पण मूल भाषा कशातून उचलतं हे त्या टेबलावर दिसलं: समोरचा माणूस, हातातली वस्तू, आणि त्याच क्षणी त्या वस्तूबद्दलचा शब्द. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता लाडावता, रागावता, गोष्ट सांगता, तीच भाषा मुलाशी बोला. घरात अशा दोन भाषा असतील तर दोन्ही बोला. आणि मुलाला खरोखर उशीर होत असेल तर त्याचं खापर भाषांवर फोडून तपासणी पुढे ढकलू नका.

‘चालायला उशीर होत असेल तर वॉकर आणा’

नका आणू. बसायची झोळी आणि खाली चाकं असलेल्या वॉकरमध्ये मूल पंजांनी जमीन ढकलतं. त्याला तोल सांभाळावा लागत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत, पडून उठणं घडत नाही. चालण्यासाठी नेमकं तेच शिकायचं असतं. वॉकरमधली मुलं लवकर चालत नाहीत, झालाच तर थोडा उशीरच होतो. शिवाय पायऱ्यांवरून कोसळणं, गरम भांड्यापर्यंत हात पोहोचणं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती या अपघातांमुळे.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल आपल्या पायांवर उभं असतं आणि गाडी ढकलतं. भार त्याचा, तोल त्याचा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीची दोरी धरून चालणारं दीड-दोन वर्षांचं पोरगं बघा: एका हातात दोरी, मागे वळून नंदी येतोय का ते बघणं, आणि पाय चालू. मोठ्या स्नायूंचं, नजरेचं आणि खेळाचं काम एकाच वेळी चाललेलं असतं.

रांगण्याबद्दलही बोलू. काही मुलं हातापायांवर रांगत नाहीत, बुडावर सरकतात आणि थेट उभी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पाहणीत ४.३ टक्के मुलं अशी रांगलीच नव्हती. त्यासाठी घाबरू नका. मात्र एक खूण आहे जिचं आपल्याकडे कौतुक होतं आणि व्हायला नको: वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हाताने घेतं, दुसरा हात मुठीत. ‘डावखुरा निघाला’ म्हणून लोक हसतात. कोणता हात चालायचा हे एवढ्या लवकर ठरत नाही. या वयात एक हात सारखा मागे राहत असेल तर तो हात दाखवायला हवा.

‘वेखंड लावा, नाहीतर जिभेचा दोर कापा’

वेखंडाने वाणी सुटते हे मीही लहानपणापासून ऐकलं आहे. बाळगुटीत तो उगाळला जातो. पण बोलणं जिभेच्या टोकाला अडलेलं नसतं. ते ऐकण्यातून आणि समजण्यातून येतं. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, आणि त्यापायी अमेरिकेत १९६८ पासून तो खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. तान्ह्याच्या जिभेवर तो नको. त्यासोबत मध चाटवत असाल तर वर्षाच्या आत मधही नको.

जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर दूध ओढायला त्रास होऊ शकतो, क्वचित पुढे एखादा उच्चार नीट येत नाही. पण त्याच्यामुळे मूल शब्दच बोलत नाही, असं होत नाही. दोर कापून आणलेली आणि तरीही न बोलणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि मधले पाच-सहा महिने ‘आता सुटेल जीभ’ म्हणण्यात गेलेले असतात.

‘मोबाइल बंद केला की मूल आपोआप बोलू लागतं’

मोबाइल बंद करा, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन वर्षांच्या मुलालाही तासाभराच्या वर नको. दूरच्या आजोबांशी व्हिडिओवर बोलणं वेगळं, तिथे समोर माणूस असतो.

मला नागपूरच्या आईची अडचणही कळते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. सकाळी नऊनंतर मूल बाहेर नेता येत नाही. फ्लॅटच्या एका खोलीत कूलर, तिथेच सगळं घर कोंडलेलं. मूल किरकिरतं, आणि मोबाइल हातात जातो. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी कुणाच्या लक्षात येत नाही. तो कूलर एवढा घोंघावतो की आईचं बोलणं मुलापर्यंत धड पोहोचत नाही. उन्हाळ्यात मी पालकांना म्हणते, दिवसातून दोनदा अर्धा तास, पहाटे आणि दिवेलागणीला, कूलर आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवून मुलाजवळ बसा.

पण ‘मोबाइलमुळे ऑटिझम झाला, मोबाइल काढला की जाईल’ हे जे पसरवलं जातं ते चूक आहे. ऑटिझम मोबाइलने होत नाही. मोबाइल काढल्यावर ज्या मुलाशी माणसं बोलू लागतात ते मूल खुलतं, हे मी पाहिलं आहे. ज्याला खरंच ऑटिझम आहे किंवा ऐकू येत नाही, ते मूल मोबाइल काढल्यावर शांत बसतं आणि घर वाट बघत बसतं. त्या आईच्या मनात वर अपराधही बसतो की मीच मोबाइल दिला. तो अपराध तिचा नाही.

इथे बोट दाखवण्याबद्दल सांगते, कारण शब्दांच्या आधी मी ते बघते. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडत असतात. सव्वा वर्षाचं बाळ कडेवर आहे. ते आकाशात बोट करतं, ‘ऊ!’ म्हणतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं: तुला दिसला का? त्याला पतंग नको आहे. त्याला आईबरोबर पतंग बघायचा आहे. हे वळून बघणं भाषेचा पाया आहे. दीड वर्षापर्यंत मूल असं काहीच दाखवत नसेल, फक्त तुमचा हात धरून डब्याकडे नेत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर शब्द येण्याची वाट न बघता दाखवा. मावशीचा नातू दाखवतो, वळून बघतो, हसतो. म्हणूनच माझा पहिला संशय त्याच्या कानांवर आहे.

‘तीन वर्षांपर्यंत कुठेही नेऊ नका, लेबल लावतात’

मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. त्यातला खरा भाग आधी सांगते. दोन वर्षांच्या ज्या मुलांना फक्त शब्द उशिरा येतात, समजतं सगळं, खेळणं ठीक, ऐकणं ठीक, त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं पुढे आपणहून बरोबरी गाठतात. पण यांतलं कोणतं मूल गाठेल हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही. आणि ‘ऐकणं ठीक’ हे तपासल्याशिवाय कळत नाही. वाट बघायचीच असेल तर तपासून बघा.

‘आमच्या बाळाला ऐकू येतं, ताट वाजवलं की वळतं’ हे मी रोज ऐकते. एका आजोबांनी माझ्यासमोर करून दाखवलं. नातीच्या मागे गेले, स्टीलचा डबा चमच्याने वाजवला, ती झटकन वळली. आजोबा खूश. मग मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तिच्या मागून, सावली पडणार नाही असं, हळू आवाजात ‘श्श, स्स’ केलं. वळली नाही. तिचं नाव घेतलं. वळली नाही. टेबलावर जोरात बोट आपटलं, तेव्हा वळली, कारण टेबल हललं होतं. मूल जाडा, मोठा आवाज ऐकू शकतं आणि तरी ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज त्याला पोहोचत नसतात. कूकरची शिट्टी, दाराची कडी, कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं म्हणजे बोलणं ऐकू आलं, असं नसतं. ती मुलगी तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांची होती. तिच्या घरच्यांनाही कुणीतरी तीन वर्षं थांबायला सांगितलं होतं.

नवजात बाळाच्या कानांसाठी डॉक्टर एक-तीन-सहा धरतात: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कानाचं मशीन किंवा उपचार सुरू. महिने म्हटले आहेत, वर्षं नाहीत. ऐकण्याचा मेंदूतला भाग आवाज मिळाला तरच घडतो, आणि तो घडण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचाच आहे. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळू शकतं. उत्पन्नाची अट आहे आणि वयाची मर्यादा पाच वर्षं आहे. तीन वर्षं घरी बसून काढली, मग तपासण्या, कागदपत्रं, रांग. उरलं काय?

आणि कान म्हटलं की लगेच बहिरेपणा डोक्यात आणू नका. या वयात वारंवार सर्दी झाली की पडद्यामागे पाणी साचतं. कानात बोटं घालून बसल्यासारखं मुलाला ऐकू येतं, कधी बरं, कधी कमी. उपचारांनी ते बरं होतं. मावशीच्या नातवाला पावसाळ्यात तीनदा सर्दी झाली होती.

लेबलची भीती मला समजते. आपल्या समाजात शब्द चिकटतात, शाळेत अडवतात, नातेवाईक कुजबुजतात. पण देशात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि साधारण आठातल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी किंवा ऐकण्याशी निगडित काहीतरी अडचण दिसली. आठात एक. तुमच्या मजल्यावर, तुमच्या वर्गात, तुमच्या खानदानात आहे. न नेल्याने अडचण जात नाही, फक्त तिचं नाव कळत नाही, आणि मग लोक नाव ठेवतात: हट्टी, मंद, वेडा. शिवाय दोन वर्षांच्या मुलाची थेरपी सुरू करायला पक्कं निदान लागत नाही. माझ्या खोलीत खाली चटई, बुडबुडे, डबे, झाकणं आणि भातुकली आहे. आई शिकते, मूल खेळतं. उद्या कळलं की त्याला गरज नव्हती, तर चार महिने आईने मुलाशी जास्त चांगलं खेळून घेतलं, एवढंच झालं.

पैशांचंही बोलते, कारण मेसेजमध्ये ‘लुटतात’ असंही आहे. लुटणारे असतील, नाही म्हणत नाही. पण पहिली पायरी फुकट आहे. तुमच्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर वयानुसार खुणा छापलेल्या आहेत, लसीच्या पानापलीकडे उलटून बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि वाढीतला उशीर शोधणं हे त्यांचं काम आहे. पथकाला शंका आली तर पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडीच्या ताईंना तारीख विचारा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी बालरोग आणि कान-नाक-घसा विभाग आहेत. रांग लांब असते, सकाळी लवकर जा.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘कधी जाऊन राहिलो आपण?’ येत्या गुरुवारी बेरा चाचणी आहे, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे बघणारी कानांची तपासणी. ती मूल झोपलेलं असताना करतात, डोक्याला लहान तारा चिकटवतात. म्हणून तिला सांगितलं: आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नको, तारा चिकटत नाहीत. रात्री त्याला उशिरा झोपव, सकाळी लवकर उठव. दुधाची बाटली आणि त्याची चादर सोबत घे. तो जे जे म्हणतो ते अर्धंमुर्धं असलं तरी कागदावर लिहून आण, आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेव, कारण परक्या खोलीत मुलं गप्प होतात. सक्करदऱ्याहून येताना ऑटोत त्याला जागं ठेवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे.